आठ रिकाम्या ओळी

चूक माझी होती. हे तीन शब्दांचं वाक्य बोलायला मला बारा वर्षं लागली, म्हणून इथे ते सगळ्यात आधी लिहून टाकतो. प्रोग्राम मी लिहिला होता, सूचना मी दिली होती, आणि खरं काय ते तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला कळलंही होतं. शिक्षा भोगली दुसऱ्याच माणसानं. आता त्या माणसाविषयी लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागलो. पुण्याहून डिप्लोमा करून आलेला, तेविसाव्या वर्षी साहेब झालेला. कारखान्यानं गावांचे गट पाडले होते आणि प्रत्येक गटाचं एक छोटं ऑफिस होतं. नारायणगावच्या बाजूच्या गट ऑफिसात हे टायपिस्ट होते. पन्नाशी उलटलेले, काटक, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत एकसारख्या दुमडलेल्या. तोंडावर सगळे त्यांना तात्या म्हणत. पाठीमागे म्हणत तारबाबू.

तारबाबू अशासाठी, की तरुणपणी त्यांनी पुण्याच्या तार ऑफिसात काही वर्षं टेलिप्रिंटर चालवला होता. नोकरी हंगामी होती, ती सुटली, गावी परत आले. पण टेलिप्रिंटर त्यांच्या अंगातून गेला नाही. विचार करताना ते खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत, आणि भिंत चार बोटांवर आली की जिभेनं "टिंग" असा आवाज काढून वळत. टाइपरायटरची घंटा ओळ संपत आल्यावर वाजते, तसा. एकदा कारखान्याच्या सभेत एका संचालकांचं भाषण लांबत चाललं होतं. मागच्या रांगेतून स्पष्ट ऐकू आलं, "टिंग." सभा हशानं फुटली. तात्या मात्र हसले नाहीत. त्यांना ती खरोखरच वेळेवर दिलेली सूचना वाटली होती.

काम संपलं की ते टेबलावर दोनदा वाजवत. एकदा तळहातानं, एकदा बोटानं. तोंडानं म्हणत, "गाडा मागं, कागद वर." मगच उठत. ओळ अर्धी असताना फोन वाजला तर तो वाजत राहायचा. बोलण्यातही तेच. एकदा त्यांचं वाक्य अर्धवट टाकून मी घाईनं नारायणगावच्या स्टँडवर जाऊन जीपमध्ये बसलो. जीप भरायला वेळ लागतोच. पाच मिनिटांनी खिडकीशी तात्या उभे. धाप लागलेली.

"तर मी म्हनत व्हतो, साहेब, का फ्लॉपी उन्हात ठिऊ नका." जीपच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं आणि गेले.

शेजारची बाई म्हणाली, "कोन वं हे पावणं?"

ड्रायव्हर म्हणाला, "तार हाये ती, मावशी. पोचल्याबिगर ऱ्हात न्हाई."

मीही हसलो. त्या काळात मी त्यांना खूप हसलो आहे.

गाडा आणि कागद म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन वेगळ्या खुणा पाठवाव्या लागत. एकीनं छपाईचा गाडा डाव्या कडेला परत येई. दुसरीनं कागद एक ओळ वर सरके. "लोकान्ला वाटतं एकच काम हाये. दोन हायेत, साहेब. गाडा मागं आला न्हाई तर अक्षरं कडेला जाऊन एकावर एक बसत्यात. कागद वर गेला न्हाई तर वळीवर वळ बसती."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. तार ऑफिसातल्या एका शिकाऊ पोरानं एका तारेत कागद वर सरकवायची खूण पाठवलीच नाही. पलीकडच्या गावात सगळी तार एकाच ओळीवर छापली गेली. नुसती काळी पट्टी. ज्याची तार होती तो माणूस खिडकीशी उभा. आत मरणाची बातमी आहे की जन्माची, कुणाला सांगता येईना. फेरतार यायला चार तास लागले. "चार तास तो मानूस त्या काळ्या पट्टीकडं बघत बसला," तात्या म्हणाले. "म्हनून मी लई काटेकोर."

कॉम्प्युटर आल्यावर बाकीचे टायपिस्ट बिचकले. तात्या आठवड्यात रुळले. एक दिवस मी त्यांना फाइलचं पोट उघडून दाखवलं. डॉसच्या मशीनवर एंटर मारलं की ओळीच्या शेवटी दोन न दिसणाऱ्या खुणा बसतात, तेरा नंबरची आणि दहा नंबरची. तेरा म्हणजे गाडा मागं, दहा म्हणजे कागद वर. तात्या पडद्याकडे बघतच राहिले.

"म्हंजी ह्यात बी गाडा हाये?"

"गाडा नाही तात्या. गाडा गेला, खूण राहिली."

"ज्यानं ठिवली त्याला तार ठावं आसनार," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला ते विचित्र वाटलं.

मी जोशात येऊन पुढचंही सांगितलं. मुख्य ऑफिसातल्या आमच्या मोठ्या मशीनची पद्धत वेगळी आहे. ती युनिक्सवर चालते आणि ओळीच्या शेवटी फक्त दहा ठेवते. पुण्याच्या ज्या छापखान्यातून आमचा वार्षिक अहवाल येतो, तिथलं मशीन फक्त तेरा ठेवतं. त्यांची फाइल आमच्याकडे उघडली की सगळा अहवाल एका लांबलचक ओळीत दिसतो.

तात्या काळजीत पडले. "तिघांच्या तीन तऱ्हा. मग एकाचं दुसऱ्याला कळायचं कसं?"

"वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यायचं. कुठलीही खूण असली तरी वाचणाऱ्या प्रोग्रामनं ओळ ओळखायची."

"वाचनाऱ्यानं," ते सावकाश म्हणाले. "हां. हे बराबर."

हे मी बोललो होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

प्रत्येक हंगामाच्या आधी गट ऑफिसांतून गावागणिक एक फाइल यायची. कुणाचा ऊस, जमिनीच्या कुठल्या गटनंबरात, लागण म्हणजे लागवड कधीची. फ्लॉप्या जीपनं मुख्य ऑफिसात येत. माझा प्रोग्राम त्या वाचून तोडणीचा क्रम लावी, आणि त्या क्रमानं तोडणी कामगारांच्या टोळ्या गावात उतरत. प्रोग्राम मी घाईत लिहिला होता. तो एकेक अक्षर गोळा करत जाई, तेरा आलं तर टाकून देई, दहा आलं की म्हणे, ओळ पूर्ण झाली, आता नोंद करू. पहिल्या वर्षी सगळं ठीक चाललं. एक त्रास सोडून.

तात्या प्रत्येक फाइलच्या शेवटी आठ वेळा एंटर मारत. टेलिप्रिंटरवर तार संपली की कागद आठ ओळी वर घेत, म्हणजे नीट फाडता येई. ती सवय. माझा प्रोग्राम त्या रिकाम्या ओळींनाही नोंद समजे, आणि यादीत प्रत्येक गावाखाली नाव नसलेल्या ओळी छापल्या जात. शेतकी अधिकाऱ्यांनी भर बैठकीत ती यादी हलवून मला विचारलं, "राव, हे बिननावाचे शेतकरी कोन? ह्यांचा ऊस भुतं तोडनार का?" सगळे हसले. मला ते फार लागलं.

रिकामी ओळ सोडून द्यायला प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवावी लागली असती. ती न वाढवता मी तात्यांना फोन लावला.

"शेवटचं नाव लिहून झालं की हात उचलायचा. एंटर मारायचं नाही."

"एकपन न्हाई?"

"एकपण नाही."

"मग वळ संपली हे तिकडं कसं कळायचं, साहेब?"

"मशीनला कळतं, तात्या. हे तुमचं तार ऑफिस नाही."

 पलीकडून टेबलावर दोनदा वाजवल्याचं ऐकू आलं. "बरं," ते म्हणाले.

पुढच्या हंगामातही बाकीच्या गट ऑफिसांतले टायपिस्ट सवयीनं शेवटी एकदा एंटर मारतच होते. त्यांच्या फाइली नीट वाचल्या गेल्या. तात्यांनी मात्र सांगितलं तसं केलं. शेवटच्या ओळीनंतर दहा आलंच नाही. माझ्या प्रोग्रामनं ती ओळ अक्षर अक्षर गोळा केली, फाइल संपली, आणि हातातली ओळ तशीच टाकून तो उठला. त्यांच्याकडे सात गावं होती. सात फाइली, सात शेवटची नावं. यादी शेतकी विभागाकडे गेली, टोळ्यांकडे गेली. तात्यांच्या टेबलावर ती येण्याची पद्धतच नव्हती.

फेब्रुवारीत टोळ्या गावं उरकून पुढे निघाल्या तेव्हा सात जणांचा ऊस उभा राहिलेला दिसला. चहूबाजूंनी रान मोकळं आणि मधेच एक फड, तुऱ्यावर येऊन वजन घटत चाललेला. त्या सातांत एक होते तात्यांच्याच गावचे बापू.

इथे गावाबद्दल थोडं सांगायला हवं. गाव अवसरीच्या अलीकडे. तात्यांची वस्ती ओढ्यापलीकडे, छप्पन्न साली धम्म स्वीकारलेल्या घरांची. वस्तीवरून सडकेला यायची वाट बापूंच्या बांधावरून. कागदावर ती वाट नव्हती. पावसाळ्यात चिखलानं बांध निसरडा झाला की माणसं ओढ्यातून चपला हातात घेऊन येत. वाट कायम करून मिळावी म्हणून तात्या अकरा वर्षं अर्ज टाइप करत होते. एकदा तर बापूंनी भर चावडीत त्यांना सुनावलं होतं, "टायपिंग आलं म्हनून रानाचा मालक व्हत न्हाई मानूस." पण त्या हंगामाच्या आधीच्या दिवाळीत बापू नरमले होते. हंगाम उरकला की मोजणी करून वाट देतो म्हणाले होते. तात्यांनी ते मला दोनदा सांगितलं होतं, आणि एरवी ते कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नसत.

त्या माणसाचं नाव यादीत नाही आणि यादी टाइप केली तात्यांनी. लोकांना आणखी काय हवं होतं? बाकीच्या सहा जणांची नावं कशी गळाली, हे कुणी विचारलंच नाही.

चौकशी शेतकी अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये झाली. बापू होते, दोन संचालक होते, मी होतो. तात्या उभे होते. त्यांनी फाइल टाइप झाल्यावर काढून ठेवलेली छापील प्रत आणली होती. तिच्यात शेवटी बापूंचं नाव होतं.

"ही काय, मागनं बी काढता येती," बापू म्हणाले. "दावा साधला यानं. अकरा वर्सांचा."

तात्या म्हणाले, "नाव मी लिवलं व्हतं. शेवटाला काय करायचं ते साहेबांनी सांगितलं, तसं केलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला पक्कं कळलेलं नव्हतं, पण शंका आली होती. मी म्हणालो, "शेवटी उगाच मोकळ्या ओळी सोडू नका असं सांगितलं होतं. नावं गाळा असं नव्हतं सांगितलं."

कुणीतरी हसलं.

"मशीन चुकंल का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मशीनला जे दिलं तेच ते वाचतं," मी म्हणालो.

तात्यांच्या हातात कागद होता. माझ्याकडे नुसता शब्द होता. शब्द मानला गेला. मी कुणाचा मुलगा, कुठल्या घरचा, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि तात्या कुठल्या वस्तीचे हेही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची फ्लॉपी लावली. फाइलच्या तळाशी बापूंचं नाव होतं, गटनंबर होता, लागणीची तारीख होती. त्यानंतर काहीच नव्हतं. ना तेरा, ना दहा. मी प्रोग्राममध्ये चार ओळी वाढवल्या. दोन्ही खुणा असोत, एकच असो, कुठलीही असो, आणि शेवटी खूण नसली तरी हातात अक्षरं असतील तर ती ओळच समजावी. रिकामी असेल तर सोडून द्यावी. दहा मिनिटांचं काम. पुन्हा चालवलं आणि सातही नावं पडद्यावर आली.

उठून मी अधिकाऱ्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. ते एका संचालकांबरोबर चहा घेत होते.

"काय रे?"

"काही नाही साहेब," मी म्हणालो, "प्रिंटरची रिबन संपलीय."

एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य कुठलं असं कुणी विचारलं, तर ते हे आहे. केबिनमधलं आधीचं वाक्य घाबरून निघालं होतं. हे मी विचार करून बोललो.

तात्यांची बदली वजनकाट्याच्या फाटकावर झाली. येणाऱ्या बैलगाड्यांचे आणि ट्रॅक्टरचे नंबर हातानं वहीत लिहायचे. निवृत्तीपर्यंत त्यांनी चार हंगाम तिथे काढले. मी रोज त्या फाटकातून ये-जा करत होतो. ते माझ्याकडे बघत. रागानं बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. एखादी तार यायची आहे आणि ती यायला उशीर का होतोय, असं काहीतरी त्या नजरेत होतं. मी स्कूटरचा वेग वाढवत असे. पुढे पुढे मी मागच्या फाटकानं जाऊ लागलो.

फाटकावरचा वॉचमन मला एकदा म्हणाला, "साहेब, तारबाबू आता गप झाला. टिंग बी करत न्हाई." गावातही त्यांच्याकडे अर्ज टाइप करून घ्यायला येणं लोकांनी बंद केलं होतं. नाव गाळणारा माणूस, कोण देणार त्याच्या हातात कागद? बापूंनी वाट दिली नाही. मोजणीला आलेला माणूस परत पाठवला. पुढे तिथे द्राक्षाची बाग झाली, तारेचं कुंपण आलं, आणि बांधही बंद झाला. वस्तीला आता ओढ्यावरूनच वळसा होता. एका शेवटच्या ओळीपायी एवढं झालं, आणि ते थांबवायला माझं एक वाक्य पुरलं असतं.

मी नंतर पुण्याला एका कंपनीत गेलो. बढत्या मिळाल्या. त्या चार ओळी मी जाईन तिथे प्रत्येक प्रोग्राममध्ये लिहिल्या. लोक म्हणायचे, फाइली वाचण्याच्या बाबतीत हा फार काटेकोर. मी काही बोलत नसे.

दोन हजार आठच्या सुमारास माझ्या हाताखालची एक मुलगी जेवायच्या आधी मला म्हणाली, "सर, माझ्या प्रोग्राममध्ये गडबड झाली. शेवटची ओळ वाचलीच जात नव्हती. त्या गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं, माझी चूक होती, दुरुस्त करून पाठवते." आणि तिनं डबा उघडला. मी माझा डबा न उघडताच ठेवला. रविवारी मी गावाकडची एसटी धरली.

तात्या वस्तीवर, घराबाहेर खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. मागे खिडकीत टाइपरायटर होता, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, कागदावर धूळ. मला पाहून म्हणाले, "या, साहेब." अजून साहेबच.

मी सगळं सांगितलं. फोन, प्रोग्राम, फ्लॉपी, रिबन. ते ऐकत राहिले.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "तुमी फोनवर बोलला तवाच मनात आलं व्हतं, वळ लटकनार. चौकशीच्या दिशी पक्कं झालं."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोललो की. नाव लिवलं व्हतं म्हनलं. आनखी काय बोलायचं? मशीन तुमचं. तुमचंच तोंड पायजे व्हतं."

 मग ते म्हणाले, "ती काळ्या पट्टीची तार आठवती का? ते शिकाऊ पोरगं मीच. आमच्या साहेबान्ला इचारून मी त्या गावच्या तार ऑफिसाला फोन लावला. त्या मानसाला फोनवर घेतलं. म्हनलं, दादा, चूक माझी हाये, तारेचा मूळ कागद हुडकत्यात, शंभर तारांत बातमी काय व्हती मला बी ध्यानात न्हाई, पर कळंपत्तुर मी फोनवर हाये. लई शिव्या दिल्या त्यानं. मग रडला. मग म्हनला, ऱ्हा फोनवर."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय आखडून घेतले.

"मला नका सांगू. मला सांगून काय व्हतंय? ज्यान्ला ठावं न्हाई त्यान्ला सांगा. बापू तर मेला. मरंपत्तुर म्हनत व्हता का यानं दावा साधला. पुढल्या म्हैन्यात ग्रामसभा हाये."

"तुम्ही याल ना तात्या?"

"न्हाई. मी आलो का म्हनतील, यानंच पढवून आनला."

खिडकीतल्या टाइपरायटरवर ग्रामसभेत वाचायचं पान मीच टाइप केलं. रिबन वाळली होती, अक्षरं फिकट उठली. तात्या खाटेवरून बघत होते. शेवटच्या ओळीवर मी थांबलो तेव्हा त्यांनी हातानं खूण केली. मी दांडी ओढली, गाडा मागे आला, कागद वर सरकला. त्यांनी मात्र दोनदा वाजवलं नाही. हात मांडीवरच राहिला.

ग्रामसभेला पन्नास-साठ माणसं असतील. पिण्याच्या पाण्याचा विषय होता, लोक कावलेले होते. बापूंचा थोरला मुलगा पुढे बसला होता. मी उठलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, "हे कोन आता मधीच?" निम्मे लोक आपसात बोलत राहिले. तात्यांना ते पान ऐकू जाईल एवढ्या जवळ वस्ती नव्हती. मी वाचलं:

"कारखान्याच्या तोडणीच्या यादीतून या गावचे बापू आणि इतर सहा गावांतले सहा जण सुटले. ती नावं टायपिस्टनं गाळली असं ठरलं. ते खोटं आहे. नावं त्यांनी लिहिली होती. माझ्या प्रोग्रामनं ती वाचली नाहीत, कारण त्याला वाचता येणार नाहीत अशा रीतीनं फाइल संपवायला मीच सांगितलं होतं. हे मला चौकशीनंतर तिसऱ्या दिवशी कळलं, आणि मी गप्प बसलो. ते निर्दोष होते. मी त्यांची माफी मागतो, बापूंच्या घरच्यांची मागतो, वाट नसलेल्या वस्तीची मागतो. चूक माझी होती."